सागवानाचा टन किती फुटांचा?

74 टक्के. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सागवानी ओंडक्यांपैकी इतका वाटा एकट्या भारताचा, असं 2010 ची स्थिती मांडणाऱ्या जागतिक पाहणीत निघालं. थायलंडचा 16, चीनचा 10. त्याच पाहणीत भारतातल्या नैसर्गिक सागवनांचं क्षेत्र 68 लाख हेक्टर आहे, म्यानमारचं सुमारे 135 लाख. परसात सागवान असलेलाच बाजारातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक!

हे कोडं मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या नकाशावर सरळ दिसतं. अहमदाबादहून येणारा 47 क्रमांकाचा महामार्ग धारवरून इंदूरला पोहोचतो. कांडल्याला उतरणारं परदेशी लाकूड माळव्याकडे येतं ते याच बाजूनं. पुढे तोच रस्ता नागपूरकडे वळतो आणि देवास जिल्ह्यातल्या कन्नोद-खातेगावातून जातो. तिथे खिवनी अभयारण्याच्या अंगानं सागवान उभं आहे. पण मध्य प्रदेशानं 1969 च्या कायद्यानं त्याचा व्यापार सरकारकडे घेतला, आणि 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मंजूर कार्य आयोजनेशिवायची जंगलतोड थांबवली. वखारीची भूक मात्र थांबली नाही.

ती भागवणारा जुना शेजारी म्हणजे ब्रह्मदेश, आजचा म्यानमार. मुंबईत 1863 साली स्थापन झालेल्या बॉम्बे-बर्मा कंपनीला सागवानाच्या हिशेबावरूनच सुमारे 23 लाख रुपयांचा दंड झाला. तेच निमित्त करून इंग्रजांनी 1885 ची लढाई केली आणि तिथला हरलेला थिबा राजा रत्नागिरीत कैदेत आला. मात्र या देवघेवीचे जुने-नवे आकडे शेजारी मांडायला बसलं की पंचाईत होते. 1 एप्रिल 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत. रंगूनहून मुंबईला आलेलं लाकूड तोवर देशांतर्गत किनारी व्यापारात धरलं जाई. पुढच्या वर्षी आयात एकदम फुगलेली दिसली, तर लाकूड तेच, रकाना बदललेला.

त्याहून फसवा तो टन. सागवानाचा टन वजनाचा नव्हेच, 50 घनफुटांचा. त्यातही ओंडका मोजायची रीत निराळी: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर व्यापारी म्हणणार 10 घनफूट. भूमितीनं ते भरतं 12.7. साल आणि चिराईतली घट अशी आधीच वळती केलेली. म्हणून ओंडक्यांचा एक टन 1.8 घनमीटर, चिरीव लाकडाचा जेमतेम 1.4. हे न पाहता आलेख काढणाऱ्याची चूक पाव हिश्शाच्या घरात जाते.

मग 1 एप्रिल 2014. म्यानमारनं ओंडक्यांची निर्यात बंद केली, चिरीव माल चालू ठेवला. ओंडक्यांच्या रकान्यात शून्य आलं म्हणून व्यापार संपला असं नव्हे. चिराईत साधारण निम्मं लाकूड भुसा आणि फळकुटांत जातं, तेव्हा चिरीव आकडा दुप्पट करूनच जुन्याशी ताडायला हवा.

उरलेली जागा घाना, टांझानिया, पनामा, इक्वेडोर इथल्या लागवडीनं भरली. दुकानात ‘बर्मा’ हे नाव अजून चालतं. पण लागवडीतली झाडं कोवळी तोडलेली. वरच्या चार फूट घेराच्या ओंडक्याची बरोबरी करायला तेवढ्याच लांबीचे, दोन फूट घेराचे चार लागतात, आणि त्या चारांत गाभा कमी, पांढरं लाकूड जास्त.