शिवऱ्याच्या रस्त्यावरचे ते दिवस

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की कात्रजचा डोंगर मागे पडतो, खेड-शिवापूरचा टोलनाका लागतो आणि गाडी पुन्हा वेग घेते. पुढे भोर तालुक्यातले शिवरे येते, पण बहुतेक प्रवाशांना ते दिसतच नाही. रस्त्याच्या कडेला हॉटेले, गोदामे आणि प्लॉटिंगचे फलक असतात. गाव त्यांच्या मागे. आणखी पुढे चेलाडी फाट्याला नसरापूर-वेल्ह्याची वाट फुटते, कापूरहोळला भोरची. या सगळ्या पट्ट्यात गावोगाव मुसलमानांची घरे थोडकीच. कुठे चार, कुठे दोन, कुठे एकच. भोरसारख्या मोठ्या गावात वस्ती आणि मशीद. खेड्यात मात्र शेजार सगळा मराठ्या-कुणब्यांचा, धनगरांचा, न्हावी-सुतारांचा.

या मुलखाचा इतिहास म्हटला की राजगड आणि तोरणा आठवतात. भोरचे पंतसचिव आठवतात, त्यांचा राजवाडा आठवतो, ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झाले ते आठवते. हे सगळे पुस्तकांत आले आहे. पण भांड्यांना कल्हई कोण करायचे, गादी कोण पिंजायचे, ईदचा चांद दिसल्याची खबर गावात कशी यायची, हे कुठे लिहिलेले नाही. ते आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि तीही आता फार थोडी उरली.

कल्हईपासूनच सुरुवात करू, कारण आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, त्याला आधी तीच आठवते. घरातली भांडी तांब्या-पितळेची. त्यात आमटी, ताक, चिंचेचे सार ठेवले की कळकायचे. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा कल्हईवाला यायचा. तो बहुधा आपल्यातलाच असायचा. झाडाखाली जमिनीत हातभर खड्डा खणायचा, त्यात कोळसा पेटवायचा आणि चामड्याच्या भात्याने वारा घालायचा. पातेले तापून लाल व्हायच्या बेताला आले की त्यात नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती भराभर फिरवायची. काळे पातेले डोळ्यांदेखत चांदीसारखे व्हायचे, आणि पाण्यात बुडवले की चर्र आवाज. पोरे शाळा बुडवून बघायला बसत. भाता मारायला मिळाला तर त्या दिवशी आणखी काही नको! पुढे हिंडालियम आले, मग स्टील आले. कल्हईवाल्याला कुणी जा म्हटले नाही. त्याला बोलावणे तेवढे थांबले.

थंडीच्या तोंडाला पिंजारी यायचा. कुणी त्याला नदाफ म्हणायचे. खांद्यावर भली मोठी धनुकली आणि हातात लाकडी मोगरी. मोगरीचा ठोका बसला की तात झणकारायची आणि दबलेला कापूस उडून फेसासारखा वर यायचा. त्या आवाजावरून दोन आळ्या पलीकडच्या बायका ओळखायच्या की गाद्या उन्हात टाकायची वेळ झाली. शिकलगार विळे-सुऱ्यांना धार लावून द्यायचा. तांबोळ्याची पानाची टोपली, बागवानाची भाजी. आणि आतार. जत्रेत कुंकू, बुक्का, अत्तर आणि काळे मणी विकायला आतार बसायचा. गावातल्या सवाष्णींच्या कपाळाचे कुंकू मुसलमानाच्या पुडीतून जायचे, आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटत नसे. आता हे सांगितले की शहरातली मुले चकित होऊन पाहतात.

मुलाण्याची गोष्ट याहून वेगळी. बाकीचे धंदे रोख पैशाचे किंवा फिरतीचे, मुलाणी मात्र गावगाड्यातला हक्काचा माणूस. जत्रेला बोकड कापायचा तर सुरी मुलाण्याची. त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय ते मटण पुष्कळ मराठा घरांत शिजत नसे. त्याबद्दल त्याला मटणातला ठरलेला वाटा मिळे आणि सुगीत खळ्यावर धान्य. आजही कित्येक गावांच्या यात्रेत हा मान चालू आहे, जरी वाट्याला आता धान्य येत नाही.

हे सगळे गोड आहे, पण आठवणी सांगताना आपण एक लबाडी हमखास करतो. गोड तेवढे सांगतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले. त्यांनी बलुत्याच्या व्यवस्थेचे गोडवे गायले नाहीत, तिचा कुणब्यावर पडणारा भारही मांडला. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाण्यालाही ते सोपे नव्हते. पीक बुडाले की त्याचे बलुते बुडाले. खळ्यावर पाटी घेऊन उभे राहायचे, आणि देणाऱ्याची मर्जी असेल तेवढे घेऊन यायचे. दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या विहिरीवर आमच्या घरच्या बायकांना पाणी भरायला मुभा होती, तिथे महारवाड्यातल्या बायकांना नव्हती. आपण मुसलमान, आपल्यात शिवाशिव नाही, असे आपण म्हणतो. दीनात नाही हे खरेच. गावात मात्र आपलीही पुष्कळ घरे गावाच्याच रीतीने वागली.

बायकांच्या कष्टांचेही तसेच. जुन्या दिवसांची आठवण पुरुष काढतात तेव्हा त्यात चूल पेटलेली असते. ती कुणी पेटवली ते नसते. पहाटे जाते, मग पाणी, मग शेण, मग भाकरी. हा पट्टा भाताचा, म्हणून पावसात घोटाभर चिखलात भातलावण. आमच्या आज्या लुगडे नेसत, डोक्यावर पदर घेत आणि शेजारणींच्या बरोबरीने रोपाच्या पेंढ्या उचलत. १९७२च्या दुष्काळात तर महाराष्ट्रभर बायकांनी कामावर जाऊन खडी फोडली आणि रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्या भाकरीला चव नव्हती, हे सांगताना एक नानी आजही तोंड वाकडे करतात. ईदच्या शेवया मात्र सगळ्याजणी हौसेने आठवतात. बाजेला साचा आवळायचा, एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खाली तार झेलायची, आणि काठीवर वाळत टाकलेल्या शेवयांची राखण पोरांकडे. राखणदारच निम्म्या खायचे.

घरात आपली दखनी, दाराबाहेर मराठी. आमच्या घरच्या बोलीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’वरून आला, हे आम्हाला फार उशिरा कळले. शाळा जिल्हा परिषदेची, गुरुजी मराठी, बाराखडी पाटीवर आणि अलिफ-बे घरी किंवा भोरहून कुणी हाफिजसाहेब येतील तेव्हा.

रमजानात घड्याळ एखाद्याच घरी. इफ्तारीची वेळ दिवस मावळण्यावर, आणि डोंगराआड सूर्य लवकर जातो म्हणून जाणती माणसे घाई करू देत नसत. ढगाळ संध्याकाळी चांद दिसायचा नाही. मग सगळे फाट्यावर जाऊन पुण्याच्या शेवटच्या एसटीची वाट बघायचे. कंडक्टर दारातूनच ओरडायचा, “झाला चांद!” तो स्वतः कुणी पाटील किंवा जाधव असायचा, पण खबर सांगताना त्यालाच ईद असल्यासारखे वाटायचे.

मोहरमच्या प्रथांबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि तो वाद उकरण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगतो की या भागात पंजे बसायचे तेव्हा खांदा द्यायला आपली माणसे अपुरी पडत आणि गाव पुढे यायचे. चोंगे आणि मलिद्याचा वाटा घरोघर जायचा. शिवापूरच्या हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यालाही सगळ्या जातीचे लोक जात, अजून जातात. तिथला जड दगड अकरा जणांनी बाबांचे नाव घेत एकेक बोट लावून उचलायचा. पोरांमध्ये अकरावा कोण, यावरून भांडण ठरलेले.

मग रस्ता मोठा झाला. सुवर्ण चतुष्कोन योजनेत दुपदरीचा चौपदरी झाला, पुढे सहापदरीचे काम आले, ‘एनएच ४’चा ‘४८’ झाला. जमिनी गेल्या, ज्यांच्या राहिल्या त्यांना भाव आला. आपली बहुतेक घरे बिनजमिनीची किंवा गुंठ्या-दोन गुंठ्यांची. त्यांच्या हाती त्यातले फारसे लागले नाही. मुले कात्रज, कोंढवा, हडपसरला गेली. काही गावांत आता कुलूप लावलेले एक घर आणि एक लहानसे कब्रस्तान एवढेच आपले उरले आहे.

इंग्लंडमध्ये १९३७ साली ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. राजाच्या राज्याभिषेकाचा दिवस होता १२ मे. त्यांनी सामान्य माणसांना सांगितले, राजाचे राहू द्या, त्या दिवशी तुम्ही काय केलेत ते लिहा. न्याहारीला काय होते, शेजारीण काय म्हणाली, दुकानात काय बोलणे झाले. गिरणगावांतल्या मजुरांनी, गृहिणींनी, कारकुनांनी लिहिले. आज त्या कागदांवर विद्यापीठांत अभ्यास होतो. त्यांच्या गावांतला दूधवाला आणि कोळसावाला कागदावर जगला. आमचा कल्हईवाला का नको?

आणि आपल्याकडे तर हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात १९९४ साली मुस्लिम ओबीसींनाही सवलती देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभर चळवळ केली होती, अभिनेते दिलीपकुमारही त्यांच्या व्यासपीठावर आले. तेव्हापासून मुलाणी, तांबोळी, पिंजारी, आतार ही आपली जुनी ओळख दाखल्याच्या कामी येऊ लागली. पण दाखला मागायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा विचारतात. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले. सगळे गाव त्यांना मुलाणी म्हणून हाक मारत होते, गुरुजींनाही ठाऊक होते, पण लिहायची गरज कुणाला वाटली नाही. आमच्या माहितीतल्या एका मुलीचा प्रवेश या एका शब्दापायी अडला. शेवटी चुलत आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा सापडला, त्यात ‘मु. मुलाणी’ होते, तेव्हा काम झाले.

काही प्रकरणांत दक्षता पथक चौकशीला येते आणि पूर्वापार धंदा काय, रीतिरिवाज काय, असे विचारते. तेव्हा पंचविशीतल्या मुलाला धनुकली म्हणजे काय हे माहीत नसते.

म्हणून वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, एक सुचवतो. या ईदला गावी जाल तेव्हा आजी-आजोबांजवळ तासभर बसा. “जुने दिवस कसे होते?” असे मोघम विचारू नका, “चांगले होते” एवढेच उत्तर येईल. बारीक विचारा. पाणी कुठून आणायच्या? पहिल्या कमाईचे किती मिळाले, कशाचे? खळ्यावर कुणाकुणाच्या जायचात? लग्नात चुडा कुणी भरला? मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा, कारण फोन बदलतो, हरवतो. बायकांना वेगळे बसून विचारा, चारचौघांत त्या बोलत नाहीत.

आणि जाताच आहात तर तहसील कचेरीत जुने कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायला अर्ज करा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत पुष्कळदा जात स्पष्ट लिहिलेली सापडते. जुनी पाने मोडीत असतील. मोडी वाचून देणारे जाणकार पुण्यात मिळतात, आणि पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही भरवतो. घरातल्या एखाद्या मुलीला नाहीतर मुलाला तिथे घाला.