बोबडे बोल : आधी कान तपासा

'डॉक्टर, मुलगा तीन वर्षांचा झाला, तरी काकाला ताता म्हणतो. जीभ जड आहे का?' असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. काही घरांत जिभेला वेखंड चोळणेही चालू असते. परंतु उच्चार जिभेआधी कान शिकतो, हे लक्षात ठेवावे.

जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेले प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'ट' व 'त' यांतला फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत मात्र ही क्षमता बरीच ओसरली, कारण घरच्या भाषेत तो फरकच नव्हता. उलट मराठी मूल 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च' कोणी न शिकवता उचलते.

कान तयार झाला, तरी जिभेला वेळ लागतो. बहुतेक मुलांचे 'क', 'ग' चौथ्या वर्षापर्यंत सुधारतात. 'र' त्याहून उशिरा येतो. तेव्हा तिसऱ्या वर्षी 'ताता' म्हटल्याने घाबरू नये.

मात्र मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही 'बाबाबा' असे ध्वनी काढत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा चौथ्या वर्षीही त्याचे बोलणे परक्याला समजत नसेल, तर कानाची तपासणी लगेच करून घ्यावी. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. ही तपासणी नवजात बाळाचीही करता येते. वेखंड चोळण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मोठेपणी इंग्रजी शिकताना आपला कान मराठीच्या सवयीने ऐकतो. इंग्रजीत दोन 'व' आहेत. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वॉटर' म्हणताना ओठांचा चंबू होतो. आधी नीट ऐकावे, मग आरशासमोर सराव करावा. राहिलेली मराठी ढब हा आजार नव्हे.

मुलाच्या बोबडेपणाला हसू नये, चारचौघांत तेच पुन्हा म्हणायला लावू नये. मूल मग बोलायचेच टाळते. ते 'ताता आले' म्हणाले, की आपण सहज म्हणावे, 'हो, काका आले!' त्याचा कान पुढचे काम करील.