नगरच्या छावणीला माल पुरवायचाय?

राहुरीपासून तासाभरावर नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि डीआरडीओची वाहनसंशोधन संस्था व्हीआरडीईही आहे. तरी लष्कराच्या टेंडरचं नाव काढलं की इथले वर्कशॉपवाले ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणून विषय मिटवतात. हा समज आपल्याच पोरांच्या हातचं काम घालवतो.

‘फौजेला रणगाड्याचेच सुटे भाग लागतात.’ छावणीला कपाटं, रॅक, खाटाही लागतात. असा रोजच्या वापरातला बराच माल २०१६ साली सुरू झालेल्या जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेतला जातो.

‘एजंट लागतोच.’ नाही. टेंडरमधल्या सवलतींसाठी लागणारी लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

‘टेंडर भरताना लागणारी बयाणा रक्कम कुठून आणायची?’ केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ती माफ आहे. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत वेगळी. टेंडरमध्ये असेल तर ती भरावी लागते.

‘मोठ्या कंपनीपुढे आपला दर टिकत नाही.’ सर्वांत जास्त नुकसान या समजाने होतं. समजा, मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर १०० रुपये आला आणि तुमचा ११२. फरक १५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणून तुम्ही १०० रुपयांवर यायला तयार असाल, तर विभागून देता येणाऱ्या मालातला २५ टक्के हिस्सा लघुउद्योगांना देण्याची तरतूद आहे. म्हणजे ११२ लिहिताना आपल्याला १०० ला परवडतं का, हे आधीच मांडून ठेवायचं. मात्र ही सवलत माल बनवणाऱ्याला आहे; पुण्याहून आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही.

‘पैसे अडकतात.’ कधी अडकतातही. पण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार समाधान पोर्टलवर करायची.

माणूस बाद होतो तो बहुतेकदा अटी नीट न वाचल्यामुळे. टेंडरमध्ये २० गेजचा पत्रा मागितलाय आणि स्वस्तात बसवायला २२ गेजचा वापरला, तर तपासणीत कपाटं नाकारली जातात आणि परतीचं भाडंही आपल्याच माथी बसतं.