बारा आणे आणि बारा लाख

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६ हजार २०० कोटींच्या घरात आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार सुमारे १२ लाख. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली आणि हा बारा लाखांचा आकडा गावोगावच्या फलकांवर चढला. २०११च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २ हजार होती, शेजारच्या तलासरीची १ लाख ५५ हजार. म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत सगळ्यांना धरले, तरी त्या दोन तालुक्यांतली माणसे बारा लाखांच्या निम्मीही भरत नाहीत. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो ‘अप्रत्यक्ष’ या ऐसपैस शब्दाचा आकडा आहे. माझा प्रश्न साधा आहे: त्यातले नरपडच्या वाट्याला किती?

नरपड हे डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावरचे गाव. एका अंगाला वाळू आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. किनाऱ्याने मच्छीमार, वाड्यांचे मालक बागायतदार, आणि त्या वाड्यांत राबणारे बहुतेक वारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या बाजूला चिकू लागला, इराणी-पारशी कुटुंबांनी तो वाढवला आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. या फळात मजुरी किती आहे हे बाजारातल्या गिऱ्हाइकाला कळत नाही. चिकू झाडावर पिकू द्यायचा नसतो. जून झालेला पण कडक असा काढायचा. शंका आली तर नखाने साल जराशी खरवडायची; आत हिरवे दिसले तर फळ राहू द्यायचे, पिवळट दिसले तर काढायचे. मग चीक आणि सालीवरची तपकिरी भुकटी जाईपर्यंत धुवायचे, हाताने प्रत लावायची, भरायचे. कालीपत्ती या इथल्या जातीला बहर लागोपाठ येतात, म्हणून काम वर्षाचे बहुतेक महिने असते, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा असतो. डहाणूतल्या कुठल्याही रोजगार मेळाव्यात या कामाला ‘रोजगार’ म्हणून कोणी मोजलेले मी पाहिले नाही.

या भागात सत्ता बदलली की कामाचे आश्वासन येते. पण मजुराच्या हातात पडणारा पैसा इथे एकदाच खऱ्या अर्थाने हलला, आणि तेव्हा एकही कारखाना आला नव्हता.

२३ मे १९४५. झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. त्या काळी इथल्या रानातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. जमीन आणि गवत सावकार-जमीनदारांचे, कापणारे हात वारल्यांचे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर मालकाकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. वेठ तर रोजचीच. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती. तिथून परतलेल्या वारल्यांनी आणि किसान सभेचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर यांनी झरीत सभा भरवली आणि तिथे ठरले: रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या खाजगी जमिनीवर काम नाही, वेठ नाही, मारहाण सोसायची नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० रतल गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या हजारोंच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यांत जेठ्या गांगड होता. पण वेठ आणि लग्नगडी मोडले ते मोडलेच.

मला या ठरावात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यात एक आकडा होता आणि तो कुणालाही तपासता येत होता. संध्याकाळी हातात बारा आणे पडले की नाही, एवढेच बघायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तो हिशेब करता येत होता. बारा लाखांचा हिशेब इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकालाही करता येणार नाही.

पुढचा मोठा बदल १ मे १९६० चा. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, उंबरगाव तालुका फाटला. उंबरगाव तिकडे गेला, तलासरी इकडे राहिली. भाषा, सोयरिक, पाडे दोन्ही बाजूंना सारखेच, पण कारखाने पलीकडे उभे राहिले. उंबरगाव आणि वापीच्या औद्योगिक वसाहतींनी तलासरीच्या दोन पिढ्यांना काम दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी हद्द ओलांडायची, कंत्राटदाराकडे हजेरी लावायची, रात्री परत. या मजुराचे मत महाराष्ट्रात आणि हजेरीपट गुजरातेत, त्यामुळे त्याच्या तक्रारीला दोन्हीकडे आमदार नाही.

हद्दीच्या अलीकडे कारखाने का आले नाहीत, याचे उत्तर म्हणून नेहमी २० जून १९९१ च्या अधिसूचनेकडे बोट दाखवले जाते. केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली आणि लाल श्रेणीतल्या प्रदूषणकारी उद्योगांना मनाई केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर एकदा नाकारले, आणि डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. ती बसायला २००७ उजाडले, ही गोष्ट वेगळी. या अधिसूचनेने काही नोकऱ्या अडल्या असतील. पण चिकूच्या वाड्या, डोल जाळ्यांची मासेमारी आणि वाढवण-चिंचणी पट्ट्यातले दागिन्यांचे साचे घडवणारे घरगुती डायमेकर टिकले, त्यात तिचा हात आहे. ‘विकास अडला’ म्हणणारे हा जमाखर्च एकाच बाजूने लिहितात.

धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. बंदर हा लाल श्रेणीतला उद्योग नव्हे असा नवा अर्थ सरकारी कागदांत आला आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली.

मधल्या काळात राजकारणानेही कूस बदलली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला. २०२४ मध्ये लोकसभेला भाजपचे हेमंत सवरा निवडून आले आणि त्याच वर्षी डहाणू विधानसभेने माकपचे विनोद निकोले यांना दुसऱ्यांदा पाठवले. दिल्लीत बंदर आणणारा पक्ष आणि मुंबईत त्याला विरोध करणारा पक्ष, दोन्हीही याच मातीतून. काहींना हा गोंधळ वाटतो. मला तो धोरणीपणा वाटतो.

नव्या जिल्ह्याने सरकारी नोकऱ्यांची आशा लावली होती. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या, क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली. प्रकरण न्यायालयात अडकले, भरती रेंगाळली आणि शिकलेली पोरे उपोषणाला बसली. डी.एड. करून पेसा भरतीची वाट पाहणारा मुलगा आणि वीटभट्टीवर जाणारा त्याचा बाप एकाच घरात असतात.

भट्टीची गाडी दिवाळीनंतरच लागते. मुकादम आधीच उचल देऊन गेलेला असतो; त्या पैशांतच सण होतो, आणि मग अख्खे कुटुंब भिवंडी-वसईकडे. दुसरी वाट समुद्राची. पावसाळी बंदी संपली की ऑगस्टमध्ये डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण खलाशी म्हणून ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरवर चढतात. ज्यांच्या गावाला समुद्र आहे आणि ज्यांच्या गावाला नाही, असे दोघेही. यांतलेच काही पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला असा एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याच्या गावाहून काही कोसांवर बारा लाख नोकऱ्यांचे बंदर मंजूर झाले ते पुढे तीनच महिन्यांनी.

बंदरात प्रत्यक्ष काम कोणते असेल? आराखड्यात नऊ कंटेनर धक्के आहेत, प्रत्येक एक हजार मीटरचा. १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरांहून लांब लाटारोधक. बांधकाम चालेल तोवर हातांना काम मिळेल, बहुधा कंत्राटदारामार्फत. पुढे आधुनिक धक्क्यावर क्रेन चालवायला माणसे मोजकी आणि प्रशिक्षित लागतात. उरलेले म्हणजे ट्रक, गोदामे, सुरक्षा, साफसफाई. ‘अप्रत्यक्ष’ शब्दाचा बहुतेक अर्थ हाच.

या प्रकल्पात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आहे आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. म्हणून त्याच प्राधिकरणाच्या न्हावा-शेवा बंदराकडे पाहायला हवे. तिथे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जमीन आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळवले गेले. शेवा कोळीवाड्याचे लोक वाळवी लागलेल्या पुनर्वसनाच्या घरांत दशकानुदशके दाद मागत राहिले. ते बंदर कंटेनर वाहतुकीत देशात अव्वल ठरले, हेही खरे. बंदर यशस्वी होणे आणि बंदराखालचे गाव सुखी होणे या दोन गोष्टी आपोआप जोडलेल्या नाहीत, एवढेच न्हावा-शेवा सांगते.

वाढवणचे मच्छीमार आजही विरोधात आहेत, आणि घोळ-दाढ्यासारख्या मासळीच्या त्या पट्ट्याबद्दल त्यांना जे कळते ते सल्लागारांच्या अहवालात नाही. पण बंदर होणारच असे सरकार म्हणत असेल, तर निदान एक गोष्ट आजपासून करता येईल. कंत्राटदारांसह प्रत्येकाचा हजेरीपट तालुकावार जाहीर करावा: गाव, कामाचा प्रकार, रोजचा दर, कायम की हंगामी. दर महिन्याला तो डहाणू-तलासरीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना पेसाने अधिकार दिलेले आहेत. नरपडपासून झरीपर्यंतच्या ग्रामसभांनी या मागणीचा ठराव येत्या २६ जानेवारीच्या सभेत करावा.