सुरक्षारक्षकाची वर्दी पोलिसासारखी का नको?

गेटवरचा रक्षक पोलिसासारखा दिसला की वचक बसतो, असे अनेक सोसायट्यांना वाटते. पण हा हट्ट महागात पडू शकतो. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार पोलीस किंवा सैन्यदलांच्या गणवेशासारखे कपडे घातल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या एजन्सीच्या मालकाला आणि रक्षकालाही. वर्दी मात्र सहसा रक्षक निवडत नाही!

मग निवडायचे काय? केंद्राच्या आदर्श नियमांनुसार कपडे फार घट्ट किंवा सैल नकोत, हालचाल मोकळी हवी. सोबत एजन्सीचा बिल्ला, शिट्टी, लेसचे बूट आणि टोपी. रात्री वाहनांच्या गेटवर चमकपट्ट्यांचे जॅकेट आणि पावसाळ्यात रेनकोटही द्यावा.