नोट्स: कचेरीचे सामायिक दफ्तर

कचेरीतील संगणकापुढे ज्यांची वीस-पंचवीस वर्षे गेली, त्यांच्यासमोर ‘लोटस नोट्स’ हे नाव उच्चारले की श्रोत्यांत तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष नुसत्या आठवणीनेच कपाळाला आठ्या घालतो. दुसरा, जो संख्येने अल्प परंतु निष्ठेने दांडगा आहे, तो आजही असे प्रतिपादन करतो की नंतरच्या टपाल-प्रणालींनी सोय पुष्कळ वाढविली, पण दफ्तर घालविले. माझे मत या दुसऱ्या पक्षाकडे झुकते. ही प्रणाली आज नोएडाच्या एचसीएल टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीच्या मालकीची आहे, आणि तरीही तिच्याविषयी आपल्याकडे वापरणाऱ्यांनाही फारच थोडे ठाऊक असते.

तिचे बीज १९७३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पडले. तेथील ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-व्यवस्थेतील दोषांच्या तक्रारी नोंदविता याव्यात म्हणून डेव्हिड वूली या तरुणाने ‘नोट्स’ नावाची एक सोय निर्माण केली, जीमध्ये एकाच्या तक्रारीखाली दुसऱ्याचे उत्तर आणि त्याखाली तिसऱ्याचा शेरा असा अनुक्रम लागत जाई. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझी यांच्या मनातून ती कल्पना गेली नाही. त्यांनी १९८४ साली लोटस कंपनीच्या द्रव्यसाहाय्याने आयरिस असोसिएट्स ही संस्था स्थापिली, आणि पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर, डिसेंबर १९८९ मध्ये, लोटस नोट्सची पहिली आवृत्ती बाजारात आली. १९९५ साली आयबीएमने सुमारे ३५० कोटी डॉलर मोजून सगळी लोटस कंपनीच विकत घेतली. पुढे २०१८ च्या अखेरीस एचसीएलने नोट्ससह आयबीएमची काही उत्पादने १८० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २०१९ मध्ये तो व्यवहार पुरा झाला.

आता मुद्द्याकडे वळू. सामान्य ईमेल म्हणजे जावक टपाल: पत्र ज्याला गेले त्याची प्रत त्याच्याकडे, आणि दहाजणांना गेले तर दहा प्रती दहा ठिकाणी, ज्यांपैकी अखेरची कोणती हे सांगण्यास पुन्हा अकरावे पत्र लिहावे लागते. नोट्सच्या कर्त्यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या योजनेत मूळ वस्तू म्हणजे दस्तऐवजांचा संग्रह. टपाल हा त्याच जातीचा आणखी एक संग्रह, एवढेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद जसे रुमालांत बांधून ठेवले आहेत, तसा एक रुमाल पुण्यास आहे, तस्साच दुसरा साताऱ्यास आहे, आणि एकात कोणी अक्षर बदलले की थोड्याच वेळात दुसऱ्यातही ते आपोआप बदलते, अशी कल्पना केली म्हणजे नोट्समधील ‘रेप्लिका’ हा प्रकार ध्यानात येतो. ज्या काळी टेलिफोनच्या तारेवरून अडखळत माहिती जाई त्या काळी ही युक्ती अमूल्य होती. आणि आजही आगगाडीत किंवा विमानात ज्याचे जाळे तुटलेले आहे अशा मनुष्याला आपल्या लॅपटॉपवरील रेप्लिकेत बसून सर्व काम करता येते, व जोडणी परत मिळताच दोन्ही प्रतींचा मेळ बसतो.

या मेळात एक विघ्न मात्र संभवते. दोघांनी दोन प्रतींत एकच दस्तऐवज एकाच सुमारास दुरुस्त केला, तर प्रणाली न्यायाधीश होत नाही; ती दोन्ही पाठ ठेवते आणि त्यांपैकी एकावर ‘रेप्लिकेशन ऑर सेव्ह कॉन्फ्लिक्ट’ असा शिक्का मारते. पुष्कळ लोक हा शिक्का पाहून घाबरतात आणि शिक्का असलेला पाठ बिनदिक्कत खोडून टाकतात, ज्यामुळे सहकाऱ्याचे दिवसभराचे श्रम मातीस मिळतात. वास्तविक दोन्ही पाठ उघडून ताडून पाहावेत, राहिलेला मजकूर एकात उतरवावा, आणि मगच दुसरा काढावा. यात पाच मिनिटांहून अधिक काळ क्वचितच जातो.

खोडण्याची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. नोट्समध्ये दस्तऐवज कायमचा काढला तरी त्याच्या जागी एक सूक्ष्म खूण मागे राहते, जी इतर रेप्लिकांना ‘हा कागद रद्द समजावा’ असे कळविते. ही खूण सामान्यतः ९० दिवसांनी नाहीशी होते. म्हणून चार-सहा महिने कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप एके दिवशी जोडला, तर सर्व कचेरीने केव्हाच निकालात काढलेले कागद जिवंत होऊन परत येऊ शकतात. पुढील आवृत्त्यांत यावर बंदोबस्त करण्याची सोय आली. पण ती ॲडमिनने चालू करावी लागते, आणि ॲडमिन मंडळी ते करतातच असे नाही. तेव्हा जुना लॅपटॉप जोडण्याआधी त्यावरील रेप्लिका काढून टाकून नवी करून घ्यावी, हे उत्तम.

दैनंदिन वापरातील दोन-तीन किरकोळ गोष्टी येथेच सांगून टाकतो. इतरत्र पान ताजे करणारी एफ५ ही कळ येथे दार लावून घेते आणि पासवर्ड मागते. ताजे करण्यासाठी एफ९ आहे. मूळ दस्तऐवज सामायिक संग्रहात असताना त्याची प्रत अटॅचमेंट म्हणून धाडू नये, त्याची लिंक धाडावी. आणि रजेवर जाताना पासवर्ड शेजाऱ्याच्या कानात सांगण्याऐवजी प्रणालीतच त्यास मुखत्यार नेमावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंदही शुद्ध राहते.

नोट्सचा सर्वांत मोठा मान आणि सर्वांत मोठा डाग, हे दोन्ही गुप्ततेच्या प्रकरणातले आहेत. सार्वजनिक व खाजगी अशा जोडकिल्ल्यांची सांकेतिक पद्धत सामान्य कचेऱ्यांत मोठ्या प्रमाणावर नेणारे हे पहिले व्यापारी उत्पादन. परंतु अमेरिकन सरकारच्या निर्यात-निर्बंधांमुळे परदेशी ग्राहकांना बळकट कुलूप देण्यास मनाई होती. तेव्हा १९९६ साली अशी तडजोड निघाली की परदेशी आवृत्तीत किल्ली ६४ बिटांची असावी, मात्र तिचे २४ बिट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला उघडता येतील अशा रीतीने प्रत्येक पत्रासोबत जावेत. म्हणजे इतरांना ६४ बिटांचा कोट, आणि त्या संस्थेला अवघा ४० बिटांचा, ज्याच्या शक्यता सुमारे १.१ लाख कोटी भरतात व ज्या यंत्राला मोजून काढणे अवघड नाही. कंपनीने हे जाहीर केले होते हे खरे. तथापि स्वीडनमधील संसद-सदस्य व करखात्याचे अधिकारी हीच प्रणाली वापरीत होते, आणि त्यांना हा तपशील १९९७ मध्ये कळला तेव्हा तेथे मोठा क्षोभ उसळला. जाहीरनाम्याच्या कोपऱ्यात छापलेली गोष्ट सांगितली असे मानणे, ही मला लबाडीच वाटते. २००० च्या सुमारास निर्बंध सैल झाले आणि ही वाटणी संपुष्टात आली.

कालमान पाहून नोट्सनेही रूप पालटले आहे. ‘नोमॅड’ या नावाने ती आता आयपॅडवर आणि ब्राउझरमध्येही चालते, आणि नोट्सचा सर्व्हर जो ‘डॉमिनो’, त्याच्या २०२५ मध्ये निघालेल्या १४.५ या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषा-प्रतिमान वापरणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालविण्याची तरतूद आहे, ज्यायोगे कचेरीचे कागद बाहेर न जाता त्यांचा गोषवारा निघू शकतो. स्वीडनच्या प्रकरणानंतर तर या तरतुदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ज्यांच्या कचेरीत ही प्रणाली अद्याप चालू आहे त्यांना एकच विनंती. तुमची खाजगी किल्ली ‘आयडी फाइल’ नावाच्या एका लहानशा फाइलमध्ये असते. ती हरवली किंवा तिचा पासवर्ड विस्मरणात गेला, तर सांकेतिक केलेली जुनी पत्रे ॲडमिनलाही वाचता येत नाहीत. ८.५ या आवृत्तीपासून अशा फाइलींची प्रत सर्व्हरवर सुरक्षित ठेवणारी ‘आयडी व्हॉल्ट’ उपलब्ध आहे. तुमची फाइल तीत आहे की नाही, हे नवा लॅपटॉप हाती येण्यापूर्वी ॲडमिनला विचारून घ्या.