घास गिळता यावा म्हणून

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ मऊ, चिकट. तरी तोंडात लाळ नसेल तर तोही टाळूला चिकटून बसतो. भाकरीचं तर नावच नको. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी किरणांचा शेक घेतलेल्या अनेकांचं हे दुखणं गाठ गेल्यावरही वर्षानुवर्षं सोबत राहतं. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्या आपल्या मुलखात कोणतं यंत्र चांगलं, हा प्रश्न म्हणूनच ताटापासून सुरू व्हायला हवा.

जेवताना सुटणाऱ्या लाळेचा मोठा भाग कानाखालच्या दोन ग्रंथींतून येतो, आणि मानेतल्या गाठींना किरण द्यायचे तर त्या नेमक्या वाटेत येतात. गाठीला ७० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा लागते. लाळग्रंथीची सरासरी २६ ग्रेच्या आत राहिली तर लाळ बऱ्यापैकी परत येते, आणि मज्जारज्जूला ४५ ग्रेच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत. हे सगळं काही मिलिमीटरांच्या अंतरात सांभाळायचं. टाटा स्मारक केंद्राने ६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के रुग्णांना उपचारादरम्यान लाळग्रंथीचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला; किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटीत ५९ टक्क्यांना. आजार आटोक्यात राहण्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

आयएमआरटीत यंत्र सात-नऊ ठिकाणी थांबून किरण सोडतं. कंसपद्धतीत ते थांबतच नाही. २००८ साली कार्ल ओटो यांनी मांडलेल्या व्हीमॅटमध्ये गॅन्ट्री, म्हणजे यंत्राचा फिरता हात, रुग्णाभोवती फिरते, यंत्राच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पट्ट्या सरकत किरणांचा आकार क्षणोक्षणी बदलतात, आणि फिरण्याचा वेग व मात्रेचा दरही सोबत बदलतो. पंधरा मिनिटांचं काम दोन-चार मिनिटांत उरकतं. घशात जखमा झालेल्या, थुंकी गिळता न येणाऱ्या माणसाला उताणं पडून राहताना ही दहा मिनिटं फार मोठी असतात.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी घ्यायच्या असतील तर एक फेरी सहसा पुरत नाही. पट्ट्या एका वेळी एकाच आकारात असतात. दुसऱ्या फेरीत कोलिमेटरचा, म्हणजे या पट्ट्यांच्या चौकटीचा, कोन बदलला की पहिल्या फेरीत राहिलेल्या फटी भरून निघतात. गालाच्या एकाच बाजूचा रोग असेल तर मात्र अर्धा कंस बरा, पलीकडची ग्रंथी जवळजवळ अस्पर्श राहते. टोमोथेरपीत पलंग पुढे सरकतो आणि किरण मळसूत्रासारखे फिरतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात हे यंत्र वापरलं गेलं आहे. मात्रा एकसारखी पसरवण्यात ते सहसा सरस ठरतं, पण वेळ जास्त घेतं. माझं मत विचाराल तर, नीट आखलेले दोन कंस आणि टोमोथेरपी यांच्यातला फरक रुग्णाच्या ताटापर्यंत क्वचितच पोहोचतो.

पोहोचतो तो डोकं-मान हलू नये म्हणून लावलेल्या मास्कचा. सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात प्लॅस्टिकची जाळीदार शीट मऊ होते, चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत ओढून टेबलाला अडकवतात, आणि काही मिनिटांत ती नाक-हनुवटीच्या आकारात कडक होते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणूस वाळतो आणि तोच मास्क सैल पडतो. मग नेमक्या आखलेल्या कंसाचा नेमकेपणाच अंगाशी येतो. ग्रंथी आत सरकून जास्त मात्रेत सापडते. अशा वेळी पुन्हा स्कॅन करून नवा प्लॅन काढणारा विभाग मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट खाड्यांची. ७० ग्रे म्हणजे सोमवार ते शुक्रवार, ३५ वेळा. उपचार लांबला तर दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. कामशेत, कान्हे किंवा वडगावहून लोकलने रोज चिंचवड-शिवाजीनगर गाठणाऱ्याने यंत्र बंद पडल्यावर काय, हे आधीच विचारून घ्यावं. एकाच बनावटीचे, जुळवून घेतलेले दोन लिनॅक (किरण सोडणारी नेहमीची यंत्रं) असतील तर व्हीमॅटचा प्लॅन त्याच दिवशी दुसऱ्यावर चालवता येतो. टोमोथेरपीचा प्लॅन साध्या लिनॅकवर चालत नाही. तो नव्याने आखून, तपासून घ्यावा लागतो, आणि त्यात दिवस जातात.